पाय घसरल्याची बातमी

मंगळवार, १९ ऑगस्ट २००८

आज माझं वजन सत्त्याण्णव किलो भरलं, आणि तेही एका प्रेसनोटीच्या निमित्ताने. बियाण्याच्या एका कंपनीने जानेवारीत दिलेल्या या डायरीत सात महिने नुसत्या सभा, अपघात आणि मंत्र्यांचे दौरे टिपले. आजपासून थोडं स्वतःचंही टिपावं म्हणतो. का, ते विचारलं तर सांगता येणार नाही.

जुन्या जालन्यात एका भुसार दुकानाच्या माडीवर माझं कार्यालय आहे. म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, फॅक्स आणि खालून येणारा मिरचीचा ठसका. तिथे आज डॉ. कौसल्या सोनुने आल्या. बाई मूळच्या भोकरदन तालुक्यातल्या, आता औरंगाबादच्या एका रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ. बरोबर बेबीनंदा नावाची परिचारिका, आणि बेबीनंदाच्या काखोटीला वजनकाटा. अठरा पायऱ्या चढून काटा वर आणलेला म्हटल्यावर त्याच्यावर उभं राहणं भाग पडलं.

बाईंचं म्हणणं असं: काही घराण्यांत स्थूल माणसं पिढ्यान्‌पिढ्या निपजतात आणि त्याच घराण्यांत मन खचण्याचा आजारही पुन्हा पुन्हा दिसतो. दोन्हींच्या मुळाशी काही जनुकं सामाईक आहेत का, ते त्यांना पाहायचंय. त्यासाठी घरोघर जाऊन वंशावळ लिहून घ्यायची, वजन-उंची मोजायची, रक्ताचा नमुना पुण्याला पाठवायचा.

"म्हणजे लठ्ठपणा आणि उदासी सख्ख्या बहिणी?" मी विचारलं.

"चुलत असतील. तेच तर पाह्यचंय. अजून काही ठरलेलं नाही. बातमीत 'सिद्ध झाले' असं लिहू नका."

"'स्थौल्य आणि विषाद यांचे गोत्र एकच?' असा मथळा देतो. पुढे प्रश्नचिन्ह."

"गोत्र म्हटलं की लोक आधी लग्नाचं विचारतील," बाई म्हणाल्या. माणूस बोलायला बरा आहे.

खेड्यांतून हिंडताना ओळखीचा कोणी बरोबर असला तर लोक दार उघडतात, म्हणून त्यांना मी हवा आहे. सत्तावीस वर्षं या जिल्ह्याचा वार्ताहर आहे. अख्खा जिल्हा मला ओळखतो आणि निम्मा टाळतो. येतो म्हणालो.

गुरुवार, २१ ऑगस्ट

रजनीला डॉक्टरबाईंच्या जालन्यातल्या तपासणी शिबिराचं सांगितलं. ती पोस्टात आहे. चौकशीच्या खिडकीवर बसून बसून तिला उत्तरं देण्यापेक्षा प्रश्न विचारायची सवय जास्त.

"अरुंधतीला नेणार का तिथे?"

"कशाला? वजनासाठी?"

"वजनासाठी म्हणा, नाहीतर कशाहीसाठी म्हणा. जून लागल्यापासून पोर घरात पडून आहे. तुम्हाला दिसून राह्यलंय ना?"

दिसतंय. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडून कन्यारत्न औरंगाबादेहून परतलं आहे. विषय प्राणिशास्त्र, आणि सध्याचा अभ्यास अजगराचा: अकराला उठायचं, डब्यातली शिळी पोळी साखर लावून खायची, परत निजायचं. तीन महिन्यांत अकरा किलो वाढलं. मी दारात उभं राहून नेहमीप्रमाणे म्हणालो, "उठा, गजगामिनी!" पूर्वी हे ऐकलं की ती लगेच उलटा शब्द फेकायची, "आले, लंबोदर!" बापलेकीचा हा जुना खेळ. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मला संस्कृत छडीने शिकवलं, मी हिला चेष्टेने शिकवलं.

आज ती एवढंच म्हणाली, "बाबा, हळू बोला ना. डोकं दुखून राह्यलं."

वय बावीस. या वयात डोकं दुखतंच.

बुधवार, २७ ऑगस्ट

शिबिर झालं. गर्दी बरी होती. बातमी तीन कॉलमी जाईल.

अरुंधती आली, रजनीने जवळजवळ ओढूनच आणली. डॉक्टरबाईंनी तिला एकटीला आत घेतलं. बाहेर आली तेव्हा चेहरा पाटी पुसल्यासारखा कोरा. बाई मला म्हणाल्या, "झोप होत नाही म्हणते, बाकी काही बोलत नाही. वंशावळ तुम्हीच भरून द्या. तुमच्याकडचं तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

छापील नमुना आहे. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ. स्थूल असेल तर आकृतीचा डावा अर्धा भाग काळा करायचा, मन खचण्याचा आजार असेल तर उजवा. आमची डावी बाजू मी उदार हाताने रंगवली. आजोबा, आप्पा, थोरला भाऊ शरदचंद्र, मी, अरुंधती. शाई कमी पडते की काय असं झालं.

चौदावा प्रश्न: कुटुंबात कोणी आत्महत्या केली आहे का?

"आमच्या घराण्यात लोक पोटाने मरतात बाई, मनाने नाही," मी म्हणालो. बेबीनंदा हसली, रजनीही हसली. अरुंधती खिडकीबाहेर बघत होती.

'नाही' लिहिलं. शरदचंद्र, वय ३१, मृत्यूचं कारण: अपघात, पाण्यात पाय घसरून.

घरी आल्यापासून दादाच डोक्यात आहे, तेव्हा तेही लिहून टाकतो. १९८१च्या फेब्रुवारीत तो गेला. जालना जिल्हा व्हायला तीन महिने होते. शहागडला गोदावरीवर स्नानाला म्हणून एस.टी.ने गेला. त्याच्या आधीचं वर्षभर त्याने नोकरीवर जाणं सोडलं होतं. खायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. आप्पा त्याला कुंभकर्ण म्हणायचे. शेवटचा आठवडा मात्र छान गेला. दादा दाढी करून, अंघोळ करून आमच्या पंगतीला बसला. आपलं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं, गरम कोट शेजारच्या मास्तरांना देऊन टाकला. आई म्हणाली, देवाने ऐकलं. तीन दिवसांनी शहागडहून निरोप आला.

मी गेलो तेव्हा घाटाच्या पायरीवर त्याच्या चपला जोडून ठेवलेल्या होत्या. त्यांवर चष्मा, चष्म्यावर घडी घातलेला रुमाल. आप्पा म्हणाले, "पाय घसरला. असंच छापून आण." छापून आणलं. माझी पहिली छापली गेलेली बातमी तीच. चारच ओळींची होती. चपलांचं त्यात नव्हतं.

आज नमुन्यात जे छापलं होतं तेच लिहिलं. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या माणसाचा अरुंधतीच्या वजनाशी संबंध तो काय!

गुरुवार, ४ सप्टेंबर

अरुंधतीची थायरॉईडची तपासणी आली, काही दोष नाही. बाईंनी आहाराचा तक्ता दिला आणि रोज पाऊण तास चालायला सांगितलं. काल गणपती बसले. आरतीला अरुंधती खोलीतून बाहेर आली नाही. रजनीने मोदक आत नेऊन दिले. ताटात सगळे तसेच होते. आमच्या घरात मोदक शिल्लक राहण्याची ही पहिलीच वेळ असावी. ते मी संपवले.

मंगळवार, १६ सप्टेंबर

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. उद्या मुक्तिसंग्राम दिन, झेंडावंदनाची आगाऊ बातमी द्यायची होती. तीन बातम्यांपैकी एक दिली. अलीकडे जिन्याच्या सहाव्या पायरीवर थांबतो आणि वर कशाला जायचं, असा प्रश्न पडतो. उत्तर नसतं, म्हणून चढतो. वय झालं.

जी एक दिली ती विभागातलीच. 'विभाग' हे नाव मीच ठेवलं आहे: विहिरीच्या काठावरून तोल जाऊन, फवारणीचं औषध चुकून पोटात जाऊन, नदीत पाय घसरून. एखाद्या गावात असं काही झालं की सरपंच किंवा घरचं कोणी फोन करतं. "काका, जरा सांभाळून लिहा. घरात पोरी उजवायच्या आहेत." मी सांभाळून लिहितो. पोलिसांचं काम पोलीस करतात, माझ्या चार ओळींनी कोणाची सोयरीक मोडू नये. सत्तावीस वर्षांत असे किती जण मी घसरवले, मोजले नाहीत. या धंद्यात एवढं एक पुण्य आपल्या हातून होतं, असं मला वाटत आलं आहे.

रजनी विचारत होती, डॉक्टरीणबाईंना पुन्हा भेटायचं का. म्हटलं, अजून महिनाही झाला नाही, चालणं तर सुरू होऊ दे. "चालायला आधी उठावं लागतं," ती म्हणाली.

सोमवार, २९ सप्टेंबर

आज घर हसलं! चार महिन्यांनी.

अरुंधती सकाळी सातला उठली. न्हाली, केस विंचरले आणि चक्क स्वयंपाकघरात आली. पिठलं-भाकरी केली. जेवायला आमच्याबरोबर बसली. मी भीत भीतच "गजगामिनी" म्हणालो तर लगेच "बोला, लंबोदर" आलं. रजनी ताटावरून उठून आत गेली, बहुधा डोळे पुसायला.

दुपारी कपाट आवरायला काढलं. प्राणिशास्त्राची सगळी पुस्तकं, आकृत्यांच्या वह्यांसकट, समोरच्या उषाबाईंच्या मुलीला दिली. ती यंदा बी.एस्सी.ला आहे. दोन नवे ड्रेस मोलकरणीच्या लेकीला. चांदीचे पैंजण रजनीच्या हातात ठेवले, "तुझ्या पेटीत राहू दे." मला तिचं शाईचं पेन दिलं. "तुम्ही लिहिता ना बाबा, मला काय करायचंय?" हे त्याच पेनाने लिहितो आहे. सुरेख चालतं.

अपरिग्रह म्हणतात तो हाच. मी तिला तसं म्हणालोही. ती हसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. लहान असताना फिरवायची तसा.

परवा केदारखेड्याला जायचं आहे, डॉक्टरबाईंच्या जीपने. त्यांना सांगेन, तुमच्या तक्त्याला यश आलं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर, औरंगाबाद

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितो आहे. परवाचं आज, क्रमाने.

बुधवारी केदारखेड्यात चतुराबाईंच्या घरी गेलो. सत्तरीची बाई, अंगाने भरलेली, ओसरीवर मुगाच्या शेंगा फोडत बसलेली. थोरला मुलगा रामकिसन खांबाला टेकून उभा होता. डॉक्टरबाई तिच्या शेजारी जमिनीवरच बसल्या, आणि वंशावळ लिहायचं काम माझ्याकडे दिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

"लेकरं किती, मावशी?"

"तीन. थोरला ह्यो रामकिसन. पुष्पा दिली शहागडला. आन धाकला कडूबा. लय गुबगुबीत पोरगं होतं वं. जीप चालवायचा भोकरदन लाइनीवर. हसायचा तं सारी जीप हसायची. आन बंद झाला तं म्हैना म्हैना तोंड उघडायचा न्हाई."

"कडूबा कसा गेला?"

"हिरीत उडी घेतली," चतुराबाई म्हणाल्या. शेंगा फोडणं थांबलं नव्हतं. "दोन सालं झाली, पोळ्याच्या आठ दिसांनी."

रामकिसनने माझ्याकडे चोरून पाहिलं. "आई, पेपरात तं तोल गेला म्हून आल्तं."

"पेपरवाला आल्ता का हिरीवर पाह्याला? म्या होते तिथं."

"पाव्हणे बसलेत. कशाला काढती ते?"

"बाईनं इच्यारलं म्हून सांगून राह्यले. दवापाण्याच्या मान्साला खोटं सांगितलं तं दवा बराबर कशी लागंल? तुह्या पोरीचं काय करती मंग? ती बी तशीच कवा हासती, कवा बंद ऱ्हाती." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिव्हा भाऊ. उडी घेतली असं लिव्हा."

ती पेपरातली बातमी माझी होती. सरपंचाचा फोन आला होता आणि मी खुर्चीवरून न उठता कडूबाचा तोल घालवला होता. मी नमुन्यावर 'उडी' लिहिलं. चौकोनाचा उजवा अर्धा भाग काळा केला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, शेवटी शेवटी तो कसा होता?

"तेच तं न्हाई समजलं, बाई. शेवटचे दिस लय चांगला झाल्ता. आमाला वाटलं निंघाला त्याच्यातून. बहिणीला मोबाइल देला. ह्याला नवा सदरा देला. मला जवळ बसवून जेवला. सारं वाटून टाकलं त्यानं. आन आमी येड्यावानी खूश."

पेन माझ्या हातात होतं. अरुंधतीचं.

बाहेर आलो. मोबाइलला रेंज नव्हती. किराणा दुकानात एस.टी.डी. होता, तिथून पोस्टात फोन लावला. रजनीला बोलवेपर्यंत दुकानदार मला स्टूल देत होता. माझा चेहरा तसा झाला असावा.

"अरुंधती कुठंय?"

"घरी. का हो?"

"आत्ता घरी जा. ऑटो कर."

"अहो, पण झालं काय?"

"दादाचा पाय घसरला नव्हता," मी म्हणालो.

सत्तावीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं, तेही किराणा दुकानात, तेलाच्या डब्यांसमोर उभं राहून. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. रजनीने त्या वेळी दुसरा प्रश्न विचारला नाही.

जीप जालन्याला पोचायला दीड तास लागला. डॉक्टरबाईंना वाटेत सगळं सांगितलं. त्या ड्रायव्हरला दोनदा म्हणाल्या, "जल्दी."

अरुंधती घरीच होती. भांडी घासून, ओटा पुसून, दार आतून लावून बसली होती. रजनीने हाका मारल्या तेव्हा दार उघडायला बराच वेळ लागला. पण उघडलं. आत काय होणार होतं ते मी इथे लिहिणार नाही. ते त्या दोघींना ठाऊक आहे आणि डॉक्टरबाईंना. उघडलं, एवढं लिहितो. त्याच जीपने तिला इथे आणलं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

डॉक्टरबाईंनी माझा नमुना काढून समोर ठेवला. चौदाव्या प्रश्नावरचं 'नाही' खोडून 'होय' केलं. दादाचा चौकोन पूर्ण काळा झाला.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमच्या या शब्दावर मी तिला चालायला सांगितलं," एवढंच म्हणाल्या. "खरं कळलं असतं तर त्याच दिवशी हिला हातून जाऊ दिलं नसतं. चूक माझीही आहे. तुम्ही विनोद केला आणि मी पुढच्या प्रश्नावर गेले."

मी विचारलं, म्हणजे आमच्या रक्तातच हे आहे का.

"रक्तात कल असतो. तुमच्या घरी तो दोन्हीकडे आहे, अंगाकडे आणि मनाकडे. एकाच मुळाचा आहे का, ते मला अजून माहीत नाही. माहीत होईल तेव्हा पहिली बातमी तुम्हाला. पण उताराच्या रस्त्यावर घर आहे म्हणून पाणी शिरायलाच पाहिजे असं थोडंच आहे? उतार ठाऊक असला की बांध घालता येतो. आजाराला औषध आहे. तुमच्या भावाच्या वेळी ते इथपर्यंत पोचलं नव्हतं, आणि पोचलं असतं तरी त्याला कुंभकर्ण म्हणत बसला असतात."

आप्पा म्हणत, असं सांगणार होतो. पण मीही म्हणत होतो. हे आज लिहितो, २७ ऑगस्टला लिहिलं नव्हतं.

सोमवार, ६ ऑक्टोबर

रजनी दोन दिवस कामापुरतं बोलत होती. आज दवाखान्याच्या जिन्यात थांबली.

"तेवीस वर्षं संसार केला तुमच्याशी. दरवर्षी भाऊजींचं श्राद्ध घातलं, खीर माझ्या हाताने केली. आणि खरं मला कळलं ते फोनवर."

"आप्पांनी सांगितलं होतं की—"

"आप्पा जाऊन सतरा वर्षं झाली. त्यांच्यानंतर कोणी अडवलं होतं तुम्हाला?"

"पोरीला तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी सांगणार नाही. आणि छापतात तसं सांगू नका."

सांगितलं. अरुंधती पलंगावर उशीला टेकून बसली होती. घड्याळ, कोट, चपला, चष्मा, रुमाल, सगळं. कुठेही सांभाळून घेतलं नाही. ती आपल्या हाताच्या तळव्यांकडे पाहत होती.

"म्हणजे काकाला असं व्हायचं?"

"हो."

"सकाळी उठताना अंगावर पोतं ठेवल्यासारखं? आणि खाल्लं की थोडं बरं, मग त्याच खाण्याची लाज?"

"ते त्याने सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही."

"मला वाटायचं, अख्ख्या घराण्यात मीच एक अशी निघाले. आळशी. तुम्ही, आजोबा, सगळे कसे हसतमुख, आणि मीच..." मी पाण्याचा पेला पुढे केला, कारण दुसरं काय करतात ते मला येत नाही. ती प्याली. मग म्हणाली, "बाबा, एक सांगू? ते गजगामिनी म्हणत जाऊ नका."

"नाही आवडत?"

"नाही."

"कधीपासून?"

"सातवीपासून."

"पण तू तर उलट लंबोदर म्हणायचीस."

"तुम्हाला आवडायचं म्हणून."

खाली येऊन दोन कप चहा प्यालो. दहा वर्षं जो खेळ दोघांचा समजत होतो, तो मी एकटाच खेळत होतो. पोर मला खेळवत होती.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

तिला घरी आणलं. दोन प्रकारच्या गोळ्या आहेत, परिणाम दिसायला अजून काही आठवडे. गोळ्या रजनीच्या ताब्यात. आम्ही आळीपाळीने घरी थांबतो. ती रडते, चिडते. काल माझ्या अंगावर ओरडली की सारखं दारात येऊन बघू नका. बाई म्हणाल्या, ओरडणं चांगलं, शांत राहिली तर मला फोन करा.

दुपारी एका गावाच्या पोलीस पाटलाचा फोन आला. "काका, विहीर आहे. तोल गेला असं टाका." मी म्हणालो, "बातमी देतो, पण तोल गेला असं माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. घरात अजून कोणी तसं गप्प गप्प आहे का, ते आधी पाहा." त्याने फोन आपटला. उद्या बहुधा दुसऱ्या पेपरात येईल, तोल गेल्याचं. पुण्य की पाप, ते आता मला सांगता येत नाही. संध्याकाळी त्याच नंबरवरून एक बाई बोलली, नाव सांगितलं नाही. डॉक्टरीणबाई कोणत्या वारी बसतात, एवढं विचारून तिने फोन ठेवला.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

अरुंधतीला तपासणीला नेलं. बाई तिच्याशी अर्धा तास बोलल्या. अजून लांबचा रस्ता आहे म्हणाल्या, पण ती रस्त्यावर आहे.

मग माझ्याकडे वळल्या. नमुन्यात माझा चौकोन अर्धाच काळा होता, डावीकडचा. उजवीकडचं कोणी विचारलंच नव्हतं. एक प्रश्नावली काढली, आणि हे अरुंधती विचारील म्हणाल्या. पोरीला काही काम द्यावं असा त्यांचा विचार असेल. मी म्हणालो, माझं काय, मी नुसता जाडा आहे. बाई पुढच्या पेशंटकडे निघूनही गेल्या.

अरुंधती समोर खुर्ची घेऊन बसली. गुडघ्यावर पॅड, हातात पेन. बेबीनंदा माझ्या दंडाला रबर बांधत होती; माझंही रक्त पुण्याला जाणार आहे.

"गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला आहे का?"

"वार्ताहराला रस कधीच नसतो. उसाची गुऱ्हाळं वेगळी."

ती हसली नाही. पेन कागदावर तसंच टेकलेलं. डॉक्टर पुढच्या प्रश्नावर गेल्या होत्या; ही गेली नाही. थांबून राहिली. खिडकीबाहेर एक रिक्षा सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला.

"हो," मी म्हणालो. "ऑगस्टपासून. त्याआधीही असेल. जिन्यात अर्ध्यात थांबतो."

तिने खूण केली. "झोप?"

"पहाटे तीनला जाग येते. मग लागत नाही."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"सांगा." खूण. "जगून काय उपयोग, असं वाटतं का?"

बेबीनंदाचा हात थांबला. विनोद सुचला होता, चांगला होता. तो गिळला. "दादा गेला त्या वर्षी वाटायचं. यंदा दोनदा वाटलं. त्या बुधवारनंतर नाही."

अरुंधतीने मान वर केली नाही. खुर्ची पुढे ओढली, इतकी की तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. खूण केली, आणि अगदी डॉक्टरणीच्या आवाजात विचारलं, "भूक?"

"आहे."

"ती दिसतेच आहे," ती म्हणाली.

आणि मग तिचं तिलाच हसू फुटलं, आधी नाकातून, मग सगळंच. माझंही सुटलं. पोट हललं, त्याच्याबरोबर दंड हलला.

"हसू नका हो काका," बेबीनंदा वैतागून म्हणाली, "शीर सापडून न्हाई राह्यली."